एक, पाच, पंधरा

ये, एतू. बर्फ दारातच झटक.
ही खुर्ची. डावा हात मोडलाय तिचा,
उजवीकडे रेलायची सवय होईल.
बाहेर उणे एकतीस. काचेपलीकडे
चारशे बारा यंत्रं एका सुरात घोंगावतायत.
आठवड्याभरात तो सूर ऐकू येईनासा होईल,
आणि बदलला, की गाढ झोपेतून उठशील.

पडद्यावर प्रत्येकाचे तीन आकडे.
पहिला गेल्या मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा,
तिसरा पंधरा.
पहिला उतावीळ. विद्यापीठातल्या कुणी
रात्री अकराला गणित टाकलं,
की हा दारात येऊन बोंब मारतो.
तिसरा म्हाताऱ्यासारखा, आलेलं लवकर मानत नाही,
गेलेलं लवकर सोडत नाही.
पहिला मोठा, तिसरा लहान, तर गर्दी येतेय.
उलटं असेल तर येऊन गेली,
तू उशिरा पोचलास, कॉफी पी.

आणि भार म्हणजे काम नव्हे.
हे मला कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

जानेवारी होता. दोनशे सतरा नंबर,
भार शहाण्णव, तिन्ही रकान्यांत शहाण्णव,
आणि प्रोसेसर रिकामा.
शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग रिकामा.
इल्पो म्हणाला, मोजमाप खोटं बोलतंय, बंद करून चालू कर.
मी कोट चढवून खाली गेले,
यंत्राच्या पाठीला हात लावला.
थंड.
शहाण्णव कामं आत निजलेली,
लांबच्या एका डिस्कच्या उत्तरासाठी.
त्या झोपेतून हाक मारून कुणी उठत नाही,
मारायला जा, मरतही नाही.
रांगेत उभं राहणं तेवढं चालू,
आणि रांगेत उभं राहणं मोजलं जातं.

पलीकडच्या कपाटात केबल अर्धी निसटलेली,
कुणाच्या तरी शिडीचा धक्का.
दाबली. टक्.
एवढंच. पंखे एकदम वर चढले.
मिनिटात पहिला आकडा पस्तीस, पुढच्या मिनिटात तेरा,
तिसरा मात्र बराच वेळ सांगत राहिला
की सगळे अजून ताटकळतायत.

इथे पूर्वी कागद व्हायचा, माहीत असेल तुला.
आता नववी रांग आहे त्या जागी
माझे वडील एकतीस वर्षं रुळांपाशी उभे होते.
बेअरिंगवर तळवा ठेवून सांगायचे,
हे शुक्रवारपर्यंत टिकेल, हे नाही टिकणार.
गिरणी बंद झाली, मग ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागले.
बसत. खिडकीतून चिमणी दिसे, धूर नसे.
आई शेजारणीला म्हणायची,
दिवसभर काही करत नाहीत,
मग संध्याकाळी एवढे दमतात कशाने?
मी तेव्हा चौदा वर्षांची. मलाही कोडंच होतं.
दोनशे सतराच्या पाठीवर हात होता तेव्हा
आईचा प्रश्न आठवला, आणि मी
त्या थंड गल्लीत उगाच जरा वेळ उभी राहिले.

असो. फोन वाजेल, घाबरू नकोस.
पोहण्याच्या तलावावरची हेल्व्ही असेल.
आपली ऊब पाइपातून तिच्याकडे जाते,
सुट्ट्यांत भार उतरला, की पाणी एक अंशाने गार,
आणि ती विचारते, आज कुणी गणितं करत नाही का?
तिच्याशी नीट बोल.

मंगळवारी मी वडिलांना तिथे नेते.
चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत.
पाण्यात उतरण्याआधी भिंतीतल्या पाइपावर तळवा ठेवतात,
डोळे मिटतात, म्हणतात,
आज नववी रांग जड चाललीय.
गेल्या वेळी मी परत येऊन बघितलं.
नववी नव्हती, चौथी होती.
त्यांना सांगितलं नाही.

चल, निघते. वहीत वेळ लिहीत जा, हाताने.
चारच्या सुमाराला तिन्ही आकडे सारखे होतात,
थोडा वेळच, बघण्यासारखं असतं.
आणि ते बूट रेडिएटरखाली सरकव,
सकाळपर्यंत वाळतील.